नागपुरात बसून बेटाचा गेम बनवायचाय? इथून सुरू करा

पहिलाच ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं जग असलेला, गेम बनवायला बसलेला माणूस सुरुवातीला काय मागतो ते ठरलेलं आहे: अख्खं शहर, पन्नास गाड्या, घोडे, बंदुका आणि वर पावसाळा. तो गेम होत नाही. दिवाळीत सुरू होतो आणि होळीपर्यंत फोल्डर उघडायचीही इच्छा उरत नाही. म्हणून नवख्यांना माझं एकच सांगणं असतं, राजेहो, बेट घ्या.

कारण अगदी व्यवहारी आहे. मोकळ्या जगाच्या गेमला कुठंतरी संपावं लागतं. जमिनीवर तुम्ही कुंपण घाला, न दिसणारी भिंत घाला, खेळणारा तिथं जाऊन डोकं आपटतो आणि चिडतो. बेटाला पाणी असतं. पाण्यापुढं काही नाही हे कोणालाच समजावून सांगावं लागत नाही. शिवाय लांबवरचं शहर, रस्ते, रहदारी यातलं काहीही बनवावं लागत नाही. एकट्यानं किंवा दोघातिघांनी झेपेल असं ओपन वर्ल्ड हवं असेल तर याहून स्वस्त सोय नाही.

आता प्रश्न असा की नागपूरच्या माणसानं बेट आणायचं कुठून? त्यावर पुढं येतोच. आधी थोडं खेळून घ्या.

पायरी पहिली: वही घेऊन खेळा

दोन गेम पुरेत. पहिला ‘चिया’. दक्षिण प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचा द्वीपसमूह आहे, फ्रान्सच्या अखत्यारीतला. तिथं वाढलेल्या फिल क्रिफो आणि थिएरी बूरा या मित्रांनी अवासेब नावाचा छोटा स्टुडिओ काढला आणि २१ मार्च २०२३ ला हा गेम आणला. वडिलांना पळवून नेलंय, त्यांना सोडवायला एक मुलगी बेटाबेटांवरून निघते, एवढीच गोष्ट. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘गेम्स फॉर इम्पॅक्ट’चा पुरस्कार त्याला मिळाला. पात्रं ड्रेहू आणि फ्रेंच भाषेत बोलतात. ड्रेहू ही लिफू बेटावरची कनाक लोकांची भाषा. आपल्याकडे असं काही सुचवलं तर ‘कोण समजणार?’ हा प्रश्न पहिल्यांदा येतो. तिथं खाली उपशीर्षकं दिली आणि विषय संपवला.

दुसरा ‘अ शॉर्ट हाइक’, २०१९ चा, अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांचा. एक पक्षी-मुलगी, एक बेट, मधोमध एक डोंगर, आणि शिखरावर पोचायचं. मोजक्या तासांत संपतो. तुमच्या गेमचं माप हेच असायला हवं. ‘चिया’कडून कल्पना घ्या, आकार मात्र याचा.

वहीत काय लिहायचं? चित्रं किती छान, पाणी किती निळं, हे लिहू नका. फक्त क्रियापदं लिहा. ‘चिया’त ती मुलगी चढते, पानासारखी तरंगत उतरते, तराफा हाकते, प्राण्यात किंवा नारळात शिरते, उकुलेले वाजवते, लाकडी मूर्ती कोरते, दगडावर दगड रचते. उकुलेलेवर ठराविक धून वाजवली की रात्रीचा दिवस होतो. शत्रूचे शिपाई कापडाचे आहेत, म्हणून ते आगीनं जातात. यातली बरीचशी क्रियापदं त्या बेटांवरच्या जगण्यातून आलेली आहेत. तिथली संस्कृती खेळणाऱ्याच्या हाताला काम देते. आपल्याकडच्या बऱ्याच ‘सांस्कृतिक’ प्रयत्नांत ती भिंतीवर टांगलेली असते: मागं एक देऊळ, बाजूला एक तुळशीवृंदावन, आणि नायक मात्र कुठल्याही गेममधला. ते टाळायचं आहे.

आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. ‘चिया’चा नकाशा तुम्ही नेमके कुठं आहात ते दाखवत नाही. साधारण अंदाज देतो, बाकी डोंगर आणि किनारा पाहून आपण ठरवायचं. छोट्या गेमला हे फार उपयोगी आहे. नेमका ठिपका दाखवला की खेळणारा जग बघायचं सोडून ठिपका बघत चालतो, आणि मग तीनशे मीटरचं बेट त्याला तीनशे मीटरचंच वाटतं.

पायरी दुसरी: बेट शोधा

बेट समुद्रातच असलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? गांधीसागर तलावावर जा. शुक्रवारी तलाव म्हणा, एकच. मधोमध बाग असलेलं छोटं बेट आहे. ते डोळ्यांत भरून घ्या, कारण तुमची पहिली चाचणी त्याच मापाच्या बेटावर व्हायची आहे.

खऱ्या गेमसाठी मात्र मी पूर्वेकडे बघायला सांगेन. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा सगळा तलावांचा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव, माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सरकारी कागदांपासून गावकऱ्यांपर्यंत सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यात शिंगाडा, त्यात मासे, काठावर धान, आणि गोंदियाकडे नशीब असेल तर सारसची जोडी. याच पट्ट्यात वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. त्याचं पाणी मागं आंभोऱ्यापर्यंत आलं. धरणाचं पाणी चढलं की टेकड्यांची बेटं होतात. इकडे पेंचला तोतलाडोहच्या जलाशयातही असे माथे पाण्याबाहेर दिसतात.

म्हणजे आपलं बेट हे बुडीत क्षेत्रातलं बेट. वर टेकडी, खाली पाण्यात गाव. इथं ट्रॉपिकल नारळ लावायची गरज नाही. पळस, मोह, तेंदू, साग लावा. आणि हो, खरं गाव, खरं नाव घेऊ नका. ज्यांची घरं पाण्यात गेली ती माणसं हयात आहेत, त्यांच्या गावाचं नाव तुमच्या गेममध्ये ‘लेव्हल टू’ म्हणून येणं बरं दिसत नाही. ‘चिया’वाल्यांनीही स्वतःच्याच देशावरून काल्पनिक द्वीपसमूह रचला. तुम्हीही दोनतीन गावांचं मिळून एक गाव करा.

आता माप. गोडो नावाचं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, आपण वापरणार आहोत. त्यात एक एकक म्हणजे एक मीटर, आणि पात्राचा जो तयार नमुना-कोड मिळतो त्यात वेग ५ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, चांगलं धावणंच. ३०० मीटर रुंदीचं बेट या वेगानं सरळ ओलांडायला एक मिनिट लागतं. मधे टेकडी, नाला, झाडी, वळणाची पायवाट आली की तीन मिनिटं. त्यात दहाबारा थांबण्याच्या जागा म्हणजे तासाभराचा खेळ सहज होतो. ३०० मीटर पुरे. ‘थोडं मोठं करून बघू’ असं मनात आलं की पाणी पिऊन या.

पायरी तिसरी: क्रियापदं निवडा

हाच गेमचा गाभा आहे, म्हणून इथं घाई नको. संगणक बंद ठेवा. कागदावर आपल्या भागातली कामं लिहा, माणसं हातांनी जे करतात ते. मग त्यातली तीन, फार तर चार निवडा. मी काय निवडेन ते सांगतो. तुमचं वेगळं असेल आणि असलंच पाहिजे.

ऊन. डोंगर चढण्याच्या बहुतेक गेममध्ये दमाची एक पट्टी असते, चढताना ती संपते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा दम चढण्यानं जात नाही, उन्हानं जातो. तर पट्टी उन्हाला जोडा. उन्हात उभं राहिलं तरी घटेल, सावलीत भरेल. डोक्याला दुपट्टा बांधला तर सावकाश घटेल, खिशात कांदा असेल तर अजून सावकाश, पन्हं मिळालं तर एकदम भरेल. एवढ्या एका नियमानं बेटावरचं प्रत्येक झाड कामाचं होतं. खेळणारा आपोआप आपल्यासारखा चालायला लागतो: या मोहापासून त्या पळसापर्यंत. आणि दुपारी बारा ते चार कुठंतरी टेकायचं हे त्याला कोणी न सांगता कळतं. पुण्यामुंबईचा खेळणारा तक्रार करेल. करू द्या.

मोह वेचणं. फुलं पहाटे गळतात, सकाळी वेचायची, दहानंतर काही हाती लागत नाही. म्हणजे हे काम घड्याळाला बांधलेलं आहे. पहाटे कुठं असायचं हे आदल्या रात्रीच ठरवावं लागतं.

डोंगा. धिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, लाकडी होडी, बांबू किंवा वल्ह्यानं ढकलत न्यायची. ‘चिया’तल्या तराफ्याला शीड आहे, वारा आहे. आपल्या जलाशयात खेळ वाऱ्याचा नाही, खोलीचा आहे. उथळ पाण्यात डोंगा रुतला पाहिजे, बुडालेल्या झाडाच्या खोडाला अडला पाहिजे.

आणि सण. इथं नागपूरकरांकडे जो माल आहे तो कोणाकडेच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा घ्या. पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. गेम बनवणाऱ्याच्या नजरेनं बघितलं तर हे तयार क्वेस्ट, म्हणजे खेळणाऱ्याला दिलेली कामगिरी, आहे: वस्तू आहे, ती सजवायची आहे, घरोघर जायचं कारण आहे, प्रत्येक घरी वेगळा माणूस आहे, बक्षीस आहे. गावाची ओळख करून द्यायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. नायकाला तलवार देण्याऐवजी चाकं लावलेला बैल द्या.

त्याच दिवशीची मारबत तर शेवटाच्या लढाईला उत्तर आहे. काळी आणि पिवळी मारबत हे दोन मोठे पुतळे एकोणिसाव्या शतकापासून इतवारी-महालाकडच्या रस्त्यांवरून निघतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, आणि शेवटी दहन. बडग्यांवर दर वर्षी नवी तक्रार असते: महागाई, डास, रस्त्यातले खड्डे, कोणी पुढारी. मग गेममध्ये काय करायचं? गावातल्या प्रत्येक माणसाकडून त्याची एकेक पीडा ऐकायची. कोणाचा खोकला, कोणाची बुडालेली विहीर, कोणाचं भावाशी भांडण. ती वस्तू म्हणून झोळीत येते. शेवटी सगळ्या पीडांचा बडगा बांधायचा, मिरवायचा आणि जाळायचा. कोणालाही न मारता गेमला मोठा शेवट मिळतो, आणि आधीच्या सगळ्या फिरण्याला अर्थ येतो.

एक सावधगिरी. मारबत ही लोकांची श्रद्धा आहे, तिला राक्षसीण करून गोळ्या घालायला लावू नका. गोंडी चित्रं, गोटुल (आदिवासी तरुणांचं एकत्र जमायचं घर), देवांची चिन्हं घ्यायची असतील तर त्या समाजातल्या माणसाला सोबत घ्या, नुसतं इंटरनेटवरून उचलू नका. वस्तू कशा दिसायच्या हे बघायला सिव्हिल लाइन्समधला अजबबंगला आहे. हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे, तिकीटही फार नाही. एक दुपार तिथं वही घेऊन काढली की आठवड्याभराचं काम मिळतं.

पायरी चौथी: इंजिन उतरवा, करडं बेट करा

गोडो का? फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, उद्या गेम विकला तरी त्यांना काही द्यावं लागत नाही, आणि इन्स्टॉल न करताही चालतं. नेहमीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर, ८ जीबी रॅम असली तर, आरामात निघतं. चौथी मालिका घ्या, म्हणजे ४ ने सुरू होणारी आवृत्ती. जुनी ३ ची मालिका मराठीसाठी नको, कारण पुढं सांगतो. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढायची पद्धत, विचारतात, तिथं ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या ग्राफिक्सवर तोच चालतो आणि ब्राउझरमध्ये गेम टाकायचा तर तोच लागतो.

भाषा जीडीस्क्रिप्ट. पायथन थोडं आलं असेल तर दोन आठवड्यांत हात बसतो. नसेल तर महिना धरा. कोर्सच्या मागं लागू नका, गोडोचं अधिकृत मार्गदर्शन वाचत वाचत पहिला छोटा गेम करा आणि मग इकडे या.

आता पात्र. ‘कॅरेक्टरबॉडी थ्रीडी’ नावाचा नोड (गोडोत गेम ज्या तुकड्यांनी जुळतो त्यातला एक) घ्या, त्याच्या पोटात एक कॅप्सूलचा आकार आणि त्याच मापाचा कोलिजनचा, म्हणजे धडक ओळखणारा, आकार. स्क्रिप्ट जोडताना तयार नमुना निवडला की चालणं आणि उडी लगेच मिळते. कॅमेरा ‘स्प्रिंगआर्म थ्रीडी’च्या टोकाला लावा, म्हणजे मागं झाड आलं तर कॅमेरा स्वतःच पुढं सरकतो. हे न केल्यानं नवख्यांच्या गेममध्ये निम्मा वेळ पानांच्या आतून जग दिसतं.

जमीन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करा. तेही फुकट. एक सपाट पत्रा घ्या, त्याचे भरपूर तुकडे पाडा, स्कल्प्टिंगच्या ब्रशनं टेकडी उचला, कडा पाण्याखाली दाबा, जीएलबी (थ्रीडी मॉडेलची) फाइल काढून गोडोत ओढा. मग मेशच्या (जमिनीच्या मॉडेलच्या) मेनूतून ट्रायमेश कोलिजन, म्हणजे त्याच आकाराचा कोलिजन, करून घ्या, नाहीतर पात्र जमिनीतून खाली पडत राहील. घरं, झाडं, देऊळ, सगळे नुसते करडे ठोकळे ठेवा. रंग नाही, पानं नाहीत.

आणि या करड्या बेटावर फिरा. टेकडीवरून काय दिसतं? पाण्याकडे जावंसं वाटतं का? कुठल्याही जागी उभं राहिलं तरी निदान एक ओढणारी गोष्ट नजरेत असली पाहिजे: कळस, धूर, एकटं मोठं झाड. नसेल तर जमीन पुन्हा कोरा, आत्ताच, कारण ठोकळे हलवायला काही लागत नाही. सगळे दमतात ते इथंच. करडं बघून कंटाळा येतो आणि माणूस सुंदर गवत करायला बसतो. गवत नंतर.

पायरी पाचवी: ऊन आणि पाणी

उन्हाची पट्टी वाटते तितकी अवघड नाही. सूर्य म्हणजे ‘डिरेक्शनललाइट थ्रीडी’. त्याचा प्रकाश ज्या दिशेला जातो त्याच्या बरोबर उलट, म्हणजे पात्राच्या डोक्यापासून सूर्याकडे, एक अदृश्य किरण सोडायचा. त्यासाठी ‘रेकास्ट थ्रीडी’ हा तयार नोड आहे. किरण कशाला आपटला तर मधे काहीतरी आहे, म्हणजे सावली. नाही आपटला तर ऊन. सेकंदाला चारपाच वेळा तपासलं तरी पुरतं.

अडचण एकच येते: झाडाच्या पसाऱ्याला कोलिजन नसतो, तो दिला तर पात्र पानांना धडकतं. त्यावर कोलिजनचे थर असतात. पसाऱ्याला एक मोठा गोल कोलिजन द्या, पण वेगळ्या थरावर. किरणाला जमिनीचा आणि पसाऱ्याचा असे दोन्ही थर बघायला सांगा, पात्राला फक्त पहिला. पडद्यावरची सावली आणि तुमच्या हिशेबाची सावली थोडी मागंपुढं होईल, खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सूर्याचा नोड दिवसभर फिरत राहिला की सावल्याही फिरतात, आणि सकाळी थंड असलेली वाट दुपारी तापते.

पाण्याचं याहून मजेचं आहे. पाणी म्हणजे बेटाखाली पसरलेला एक पत्रा, आणि त्याची उंची हा एक आकडा. तो आकडा ऋतूप्रमाणे बदला. पावसाळ्याअखेर जलाशय भरलेला, बेट लहान. उन्हाळ्यात पाणी सहा मीटर उतरलं की बुडालेलं गाव वर येतं: आधी देवळाचा कळस, मग पाराचा चौथरा, मग रस्ता. हे कल्पनेतलं नाही. उजनीत पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरल्यावर असंच बाहेर येतं. तुम्ही मेहनत एकाच नकाशाची केली, खेळणाऱ्याला मिळाले दोन. एकट्या माणसाला असली कमाई दुसरीकडे कुठंही नाही.

हा आकडा एका ऑटोलोड स्क्रिप्टमध्ये ठेवा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल. पात्राची छाती त्या आकड्याखाली गेली की पोहणं सुरू. डोंग्याची उंची तोच आकडा, वर थोडंसं हलणं. डोंग्याखालून एक किरण खाली सोडा, तळ अर्ध्या मीटरच्या आत आला की डोंगा थांबवा. झाला रुतला. पाण्याच्या भौतिकशास्त्रात शिरू नका, तिकडे गेलेली पोरं परत येत नाहीत.

याच सुमारास मे महिना आला तर लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करेल आणि तुम्हाला वाटेल आपला कोडच वाईट. फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्याची, तपासणी सकाळी करा. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ओला वारा आणि सर्किट यांचं जमत नाही.

पायरी सहावी: माणसं आणि त्यांचं बोलणं

बेटावर सातआठ माणसं पुरतात. संवाद मात्र घरी बसून लिहू नका. पुस्तकी मराठी बोलणारा धिवर कोणालाच खरा वाटत नाही. वऱ्हाडी आणि झाडीबोली (भंडारा-गोंदियाकडची) एकच समजून मिसळणंही बंद करा. अकोल्याच्या ढंगात बोलणारा भंडाऱ्याचा माणूस आपल्याकडच्या खेळणाऱ्याला लगेच खटकतो. मोबाइल घ्या, मामाच्या गावी जा, परवानगी विचारून म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. ‘उन्हाचा काऊन फिरतं बापा, दुपट्टा बांध ना डोक्याले’, असं एक वाक्य मिळालं की ते उन्हाच्या पट्टीचं ट्युटोरियल झालं. वेगळी पाटी लावायची गरज राहिली नाही.

आवाजासाठी झाडीपट्टी नाटकांतली मंडळी सोन्यासारखी. दिवाळीनंतर त्यांचा हंगाम सुरू होतो, रात्ररात्र प्रयोग असतात, तेव्हा त्यांना सवड नसते. पावसाळ्यात विचारा. मानधन आधी ठरवा, कागदावर लिहा, आणि आवाज कुठं वापरणार हे त्यात स्पष्ट करा. दंडार, भजन, खडी गंमत असे लोककलेचे प्रकार रेकॉर्ड केलेत तरी तेच. पाणी, टिटवी, बेडूक, वल्ह्याचा आवाज तुम्ही स्वतः फोनवर घ्या आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करा. विकतच्या ‘जंगल’ आवाजात कुठले पक्षी ओरडतात देव जाणे.

पडद्यावरचं देवनागरी. गोडोच्या चौथ्या मालिकेत जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या नीट लागतात. तिसरीत ‘विद्यार्थी’ लिहिलं की अक्षरं इकडेतिकडे पळायची, म्हणून ती नको म्हटलं. तरीही स्वतःचा फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका: ‘मुक्त’, ‘बालू’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत. तुमच्या संगणकावर फॉन्ट न टाकताही मराठी दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. ब्राउझरमध्ये मात्र तिथं नुसते चौकोन येतील. आकार इंग्रजीपेक्षा दोन पॉइंट मोठा आणि ओळींमध्ये जरा जास्त जागा ठेवा, वेलांट्या-उकार एकमेकांत अडकत नाहीत.

पायरी सातवी: रंगरूप

आता करा गवत. केनी नावाच्या संकेतस्थळावरची मॉडेलं सीसीझिरो परवान्याची आहेत, फुकट आणि नाव न देता वापरता येतात, पण त्यात पळस नाही. सामान्य दगड, पेट्या, कुंपण तिथून घ्या. पळस, मोह, डोंगा, लाकडी बैल आणि घरं स्वतः करा. ओळख याच पाचात आहे. पोत कमी, रंग सपाट ठेवले तर लॅपटॉपही खूश. एकाच झाडाच्या शेकडो प्रती लावायच्या असतील तर ‘मल्टिमेश’ वापरा.

पायरी आठवी: दुसऱ्याच्या हातात द्या

करड्या बेटापासूनच हे सुरू करायला हवं, पण निदान इथं तरी टाळू नका. ज्यानं तुमचा गेम कधी पाहिला नाही असा एक कॉलेजचा पोरगा आणि एक कधीच गेम न खेळलेली काकू बोलवा. हातात द्या आणि तोंड बंद ठेवा. ‘अरे, तिकडे नाही, डावीकडे’ हे शब्द जिभेवर येतील, गिळून टाका. ते कुठं थांबले, कुठली गोष्ट त्यांना दिसलीच नाही, कुठं हसले, तेवढं लिहा. दोन माणसं एकाच जागी अडकली तर चूक जागेची. काकूला कॅमेरा फिरवणं जमणार नाही, बहुतेकांना सुरुवातीला जमत नाही. कॅमेरा स्वतःच पाठीमागं येण्याची सोय सेटिंगमध्ये द्या. उन्हाची पट्टी बंद करायचीही द्या, कोणाला नुसतं फिरायचं असतं.

मग बाहेर काढा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमला १०० डॉलर भरावे लागतात, पहिल्या गेमला ती घाई नको. इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट टाकता येतो. गोडोतून वेब एक्स्पोर्ट करा, ४.३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर ते बरंच सोपं झालंय. मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’च ठेवा, सगळं एका झिपमध्ये बांधा, चढवताना ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ या खुणेवर टिक करा. पानावर मराठीत चार ओळी लिहा, एक छोटं हलतं चित्र लावा ज्यात पाणी उतरताना कळस वर येतो, आणि आवाज देणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यांना विचारून, त्यांनी सांगितलं तसं लिहा.

झिप चढली की पहिल्यांदा कोणाच्या तरी साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणार आहे, आणि मामाच्या गावात तो फोनवरच उघडला जाणार. बोटानं चालवायची बटणं पडद्यावर नसतील तर ती आधी करा, घोषणा दुसऱ्या दिवशी केली तरी चालते.